ठरावांबरोबर वर्गही पाहा

शिक्षकांचे अधिवेशन म्हटले की स्वागत, भाषणे, ठराव आणि जेवण हा क्रम ठरलेला. सीमाभागही त्याला अपवाद नाही. आम्हांला मात्र शेजारचीच एक गोष्ट आठवते. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील काही शिक्षक आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळा पाहून आले. एकाच खोलीत निरनिराळ्या इयत्तांची मुले हाती कार्डे घेऊन आपापल्या गतीने शिकत होती. परतल्यावर या शिक्षकांनी स्वतः कार्डे तयार केली. त्यातूनच ‘नलि-कलि’, म्हणजे आनंदाने शिकण्याची पद्धत, उभी राहिली आणि २००९ नंतर राज्यभरच्या सरकारी शाळांत पोहोचली.

आमच्या खेड्यांतही एका गुरुजींकडे दोन-तीन वर्ग असतात. म्हणून अधिवेशनाचा एक दिवस जवळच्या चांगल्या शाळेसाठी राखून ठेवावा. शाळा मराठी असो वा कन्नड; हारतुरे टाळून मुलांजवळ बसावे, वह्या पाहाव्यात, बाईंना शंका विचाराव्यात. सायंकाळी प्रत्येकाने आपल्या वर्गात काय बदलणार ते लिहून द्यावे. पोर घडाघडा वाचू लागले की पालक शाळा बदलत नाहीत. गावात मराठी टिकायची ती तिथेच.