पत्ता हरवलेलं यंत्र

आषाढी वारीसाठी माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे येते, त्या दिवशी विश्रांतवाडीतून गाडी बाहेर काढण्याच्या फंदात कुणी पडत नाही. असं घरी अडकल्यावर मी जुन्या बाजारातून आणून पोटमाळ्यावर टाकलेली सन कंपनीची स्पार्कस्टेशन आयपीएक्स खाली उतरवली. लहानशा पत्र्याच्या पेटीएवढं हे यंत्र १९९१ सालचं, ४० मेगाहर्ट्झचं. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक पुढे आणला होता. भारताला क्रे महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ही संस्था उभी राहिली. पुढे १९९८ चा परम १०००० तर सनच्याच अल्ट्रास्पार्क यंत्रांवर बेतलेला. म्हणजे या शहराला सन काही परकी नाही.

आता जोडणी. आयपीएक्सला आजचं चौकोनी इथरनेट भोक नाही. मागे १५ पिनांचं एयूआय नावाचं जुनं भोक आहे. त्याला ट्रान्सीव्हर नावाची आगपेटीएवढी डबी लावायची, मग तिच्यात नेहमीची केबल. ही डबी १२ व्होल्ट यंत्राकडूनच घेते. तिचा दिवा लागला नाही तर आधी सरकणारी पत्र्याची खिट्टी पाहावी. ती नीट बसलेलीच नसते, आणि माणूस उगाच कार्डाला दोष देतो.

त्याआधीच्या काळ्या कोअॅक्स केबलचं राज्य ज्यांनी पाहिलं, त्यांना हे सुखच वाटेल. एका कचेरीत आमची सगळी यंत्रं एकाच केबलवर माळेसारखी ओवलेली होती. केरसुणीचा धक्का लागून एक टी-जोड सैल झाला की अख्खा मजला मुका. एका तुकड्याची मर्यादा १८५ मीटर, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. मल्टिमीटर लावला आणि २५ च्या आसपास आकडा आला तर दोन्ही टोकं शाबूत. ५० आला तर एक टर्मिनेटर गायब. इतकं सरळ निदान नंतरच्या नेटवर्कांत मला क्वचितच भेटलं.

माझ्या यंत्राचा दिवा लागला. ओके प्रॉम्प्टवर ‘वॉच-नेट’ टाइप केलं. चांगलं पाकीट दिसलं की हा आदेश टिंब काढतो, बिघडलेलं असलं की फुली. टिंबांची रांग लागली. वायर ठीक, ट्रान्सीव्हर ठीक, स्विचही बोलतोय. तरीही यंत्राने हाक मारली की उत्तर येईना.

मग पडद्यावरच्या, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांकडे नीट पाहिलं. यंत्राची ओळख साठवणाऱ्या आयडीप्रॉममधला मजकूर अवैध आहे, असं यंत्र पहिल्यापासून सांगत होतं. इथरनेट पत्त्याच्या जागी सहाही वेळा एफएफ. हा पत्ता म्हणजे ‘सगळ्यांना’. पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव ‘सगळे’ सांगितलं, तर स्विच ते पाकीट पुढे सोडत नाही.

कारण वायरीपासून दूर होतं. सनने पत्ता नेटवर्क चिपमध्ये ठेवलाच नाही. तो घड्याळाच्या एम४८टी०२ चिपमध्ये आहे. तिच्या काळ्या प्लास्टिकच्या टोपीखाली लिथियम बॅटरी कोंडलेली, आयुष्य साधारण १० वर्षं. बॅटरी संपली की वेळ, पत्ता आणि होस्ट-आयडी हा यंत्राचा ओळख क्रमांक, तिन्ही जातात. नवी चिप मिळाली तर उत्तम. नाहीतर टोपी कानशीने घासून आतल्या पट्ट्या उघड्या करायच्या, जुन्या बॅटरीची जोडणी तोडायची आणि नाण्याएवढ्या बॅटरीचा होल्डर जोडायचा. होल्डर पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळतो. धीर घरूनच न्यावा लागतो. मी घाईत एक चिप वाया घालवली.

नंतर आयडीप्रॉमचे १६ बाइट हाताने भरायचे: पहिला १, दुसरा यंत्राचा प्रकार, आयपीएक्ससाठी ५७ हेक्स. मग पत्ता, ज्याचे पहिले तीन भाग सनचे, ०८:००:२०. उरलेले मी निवडले, घरात दुसऱ्या कुणाचे नाहीत एवढं पाहून. शेवटच्या बाइटात आधीच्या १५ जणांचा एक्सॉर. तो चुकला की पुन्हा तीच तक्रार.

एक गोष्ट राहिली. या जुन्या पोर्टला ऑटोनिगोशिएशन कळत नाही. स्विच ‘ऑटो’वर असेल तर तो १० मेगाबिट, अर्धद्विमार्गी समजून घेतो. कुणी हौसेने स्विचला सक्तीने पूर्ण द्विमार्गी केलं की पिंग चालतं, फाइल मात्र रखडते.

तुमच्याकडे चालू सन असेल, तर आज ‘बॅनर’ आदेश देऊन पत्ता कागदावर उतरवा आणि तो कागद झाकणाच्या आतून चिकटवा.