मिशनऱ्यांचा उन्हाळा आणि कामठीचा रस्ता

कन्हानला मे महिन्यातल्या भर दुपारी कोणी कोणाच्या घरी जात नाही. अशाच एका दुपारी एक कुटुंब आमच्या दारात उभे राहिले. नवरा ख्रिस्ती उपदेशक, बायको शाळेत शिक्षिका, सोबत दोन लेकरे. आजोबा महार होते आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला, एवढाच त्यांना ठाऊक असलेला घराण्याचा इतिहास. दरवर्षी शाळेला सुट्ट्या लागल्या की हे कुटुंब निघते. आधी चार दिवस मामाकडे, मग सिवनीकडच्या खेड्यांतल्या विश्वासी मंडळींकडे. कुठे प्रार्थना, कुठे लेकरांचे आठवडाभराचे वर्ग, गाणी, चित्रे, रात्री अंगणात पंगत. त्यांची सहल तीच आणि कामही तेच. यंदा देवलापार मागे टाकून मध्य प्रदेशाच्या हद्दीत शिरल्यावर वीस-पंचवीस तरुणांनी त्यांची गाडी अडवली. पुस्तकांची पेटी रस्त्यावर उपडी केली. मुलांसह सगळ्यांची रात्र पोलीस ठाण्याच्या बाकावर गेली. सकाळी माणसे सोडली, पेटी ठेवून घेतली.

आम्ही वकीलपत्र घेतले. तिसऱ्याच दिवशी विहारात एका जुन्या कार्यकर्त्याने टोकले, "वकीलसाहेब, त्या किरिस्तावायच्या भानगडीत तुमी कायले पडता? आपल्या पोराईच्या केसेस का कमी आहेत?" प्रश्न रास्त आहे. विहारात उत्तर द्यायला वेळ पुरला नाही, म्हणून येथे देतो.

आमच्या भागाला मिशनरी कुटुंबाचा फेरा नवा नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप पत्नी इरास्मासह डिसेंबर १८४४ मध्ये मुंबईला उतरले आणि १८४५ मध्ये नागपूरला आले. रेल्वे नागपुरात पोचली ती १८६७ साली. म्हणजे तेव्हाचा प्रवास बैलगाडीचा, घोड्याचा आणि माणसाच्या खांद्याचा. कन्हान नदीकाठच्या कामठी छावणीत ते गोऱ्या शिपायांना उपदेश करीत. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा काढली. त्यांचे नाव आज हिस्लॉप कॉलेजवर आहे आणि त्या कॉलेजात आपल्या कितीतरी पिढ्या शिकल्या. फिरणे हा या माणसाचा छंदच होता. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर टाकळीच्या परिसरातून त्यांनी जीवाश्म गोळा केले. गोंडांची लिंगोची कथा एका प्रधानाकडून ऐकून उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या नाल्यात ते बुडाले. त्यांचे टिपण रिचर्ड टेम्पलने १८६६ मध्ये छापले. माणूस मोठा होता, हे म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही. पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉप आहेत, टेम्पल आहेत. ज्याच्या तोंडून ती कथा उतरली तो प्रधान तिथे नाही.

पुढे मिशनऱ्यांचे वर्षच दोन भागांत वाटले गेले. थंडीत तंबू घेऊन खेड्यांत दौरा, उन्हाळ्यात डोंगर. आमच्याकडे पचमढी आणि चिखलदरा, मुंबई इलाख्यात महाबळेश्वर. दक्षिणेत मदुरेच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४५ मध्ये कोडाईकनालला बंगले बांधले, आणि १९०१ मध्ये तिथेच त्यांच्या लेकरांसाठी शाळा निघाली. ही नुसती चैन नव्हती. मैदानातल्या तापाने आणि पटकीने या लोकांनी आपली माणसे मातीत घातली होती. मात्र गोरे साहेब-मडम डोंगरावर गेले तरी देशी उपदेशक खालीच राहत असे. त्याच्या लेकरांना ताप येत नव्हता काय?

आणि सामान कोण वाहत होते? याचे एक उत्तर याच कामठीच्या रस्त्यावर सापडते. जाईबाई चौधरी, जन्म १८९२, उमरेडकडच्या. दुष्काळाने कुटुंब नागपूरला आले आणि ही पोर नागपूर-कामठी ओझी वाहू लागली. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंना ती भेटली. त्यांनी तिला लिहायला-वाचायला शिकवले, मिशनच्या शाळेत महिना ४ रुपयांवर शिक्षिका केले. इथवर ही गोष्ट कोणत्याही मिशनच्या अहवालात शोभली असती. पुढचे ऐका. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि नोकरी गेली जाईबाईंची. शाळेने जात सांभाळली, बाई सांभाळली नाही. जाईबाई खचल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा उभी केली. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनीही आपल्या कामगारांसाठी रात्रशाळा काढल्या, कोणा मिशनची वाट न पाहता. ‘जय भीम’ दिला तो याच माणसाने. १९३९ च्या १२ जानेवारीला अवघ्या ३५ व्या वर्षी ते गेले. समाधी आमच्या कन्हानच्या काठावर आहे.

म्हणजे आम्ही मिशनऱ्यांचे भाट नाही. बाबासाहेबांनीही त्यांचे माप काटेकोर घातले आहे. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचे आणि धर्मांतरितांच्या स्थितीवरचे त्यांचे लेख त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. १९८९ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या पाचव्या खंडात आले. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचा लाभ उच्चवर्णीयांनी घेतला आणि अस्पृश्यांतून आलेला ख्रिस्ती तसाच उपेक्षित राहिला, हे त्यांनी रोखठोक मांडले. ज्यांनी वाचले नसतील त्यांनी वाचावेत.

मग वकीलपत्र का घेतले?

नागपूरचीच एक हकीकत सांगतो. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. समिती १४ जिल्हे फिरली, ११,३६० लोकांना भेटली. एप्रिल १९५६ मध्ये अहवाल आला: धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू त्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, धर्मांतरावर कायद्याने लगाम घालावा. आजही हिंदुत्ववादी मंडळी हा अहवाल मिरवतात. पण तेच नियोगी साहेब त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागपुरात बाबासाहेबांबरोबर बौद्ध झाले, हे ती मंडळी कधी सांगत नाहीत. इतरांच्या धर्मांतराची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशाला स्वतःला धर्म बदलावासा वाटला, तेव्हा त्याची चौकशी कोणी केली नाही. करूही नये.

त्या अहवालाच्या वाटेनेच मध्य प्रदेशचा १९६८ चा कायदा आला. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे म्हणून सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात तो उचलून धरला. २०२१ मध्ये त्या राज्याने नवा कायदा केला. धर्म बदलणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचे, विधी करणाऱ्या धर्मगुरूनेही कळवायचे. आता १४ ऑक्टोबर १९५६ आठवा. त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशातच होते. हा कायदा तेव्हा असता तर लाखो माणसांना कलेक्टर कचेरीत रांग लावावी लागली असती, आणि महास्थवीर चंद्रमणी यांनाही अर्जदार म्हणून उभे राहावे लागले असते. परवानगीच्या रांगेत उभे राहून कोणी गुलामी सोडल्याचे आम्ही वाचलेले नाही.

दुसरी गोष्ट आपल्या पोटाशी निगडित आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूंखेरीज इतरांना वगळले. १९५६ मध्ये शीख आले. बौद्धांना केंद्राच्या यादीत यायला १९९० उजाडावे लागले, म्हणजे दीक्षेनंतर ३४ वर्षे. ख्रिस्ती झालेला महार अजून बाहेर आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली होती. २०२२ मध्ये केंद्राने बालकृष्णन आयोग नेमून तोच प्रश्न पुन्हा विचारायला घेतला. दारात आलेल्या त्या उपदेशकाच्या मुलीला कॉलेजात सवलत मिळणार नाही, पण रस्त्यावर अडवणाऱ्यांनी तिच्या बापाची जात बरोबर विचारली होती. "मूळचे कोण?" हा त्यांचा पहिला प्रश्न. धर्म कोणता, हा दुसरा. ३४ वर्षे आपण कागदावर जे सोसले, ते हे लोक अजून सोसत आहेत. त्यांच्यासाठी बोलायला आपल्याला जड का जावे?

विहारातल्या त्या दादांना हे सगळे आम्ही नंतर घरी जाऊन सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मंग पेटी आणा त्याइची."

पेटीच्या पंचनाम्याची नक्कल आमच्यासमोर आहे. मराठी बायबल ६, हिंदी बायबल ११, गीतांची पुस्तके, रंगीत खडूंचे डबे, एक हार्मोनियम आणि "एक वही, लहान मुलाची, चित्रांसह". ती वही धाकट्या मुलीची आहे आणि शाळा सुरू झाल्या तेव्हापासून ती रोज तिच्याबद्दल विचारते. सगळे सामान परत मिळावे म्हणून अर्ज केला आहे. वहीसाठी वेगळा परिच्छेद घातला आहे.