चंचल मुले आणि मेंदूच्या लहरी

एका जागी न टिकणारे, निम्म्या गणितावरून उठून खिडकीशी जाणारे मूल आपल्याकडे ‘वांड’ ठरते आणि छडीने त्याचा निकाल लागतो. परंतु या चांचल्याचे मूळ पुष्कळदा मेंदूच्या वाढीतच असते असे मानून, खुद्द मेंदूच्या लहरींनाच वळण लावू पाहणाऱ्या न्यूरोफीडबॅक नामक उपचाराची कैफियत ऐकून घेणे अगत्याचे आहे.

येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचे विद्युत्स्पंदन प्रथम नोंदविले. पुढे अमेरिकेत बॅरी स्टर्मन यांनी विशिष्ट लहर उमटताच मांजरांना खाऊ देऊन ती लहर त्यांच्या अंगवळणी पाडली, आणि अग्निबाणाच्या विषारी इंधनाची परीक्षा चालू असता याच मांजरांना झटके उशिरा येतात असे आढळले; अशा आडवाटेने आलेली ही विद्या १९७६ साली जोएल लुबार यांनी अतिचंचल मुलाकडे वळविली. मुलाच्या टाळूला लेप लावून विद्युदग्र चिकटवितात. सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांच्या मंद थीटा लहरी ओसरून जलद बीटा लहरी वाढल्या की पडद्यावरील विमान वर चढते. ते कसे चढवावे हे कोणी सांगत नाही, मुलाला हळूहळू साधते. अशा तीस-चाळीस बैठका होतात.

आता पुराव्याची बाब. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील परीक्षेत ७ ते १० वर्षांच्या १४४ मुलांपैकी काहींचा खेळ स्वतःच्या लहरींवर, तर इतरांचा आधीच नोंदविलेल्या परक्या लहरींवर चालविला. झोप आणि आहार यांविषयीचा सल्ला मात्र सर्वांना दिला. दोन्ही गट सुधारले, आणि दोहोंत फरक दिसला नाही! २०२४ मध्ये ३८ परीक्षा एकत्र तपासूनही निर्वाळा जवळपास तोच निघाला. तेव्हा पाथर्डीच्या मजुराने रोजगार बुडवून यासाठी शहराच्या चाळीस खेपा कराव्यात, असे मला तरी सांगवत नाही.

त्याआधी मुलाला फळा दिसतो का, ऐकू येते का, रात्री पुरेशी झोप मिळते का, हे पाहावे. पालघर येथे २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दृष्टी, श्रवण आणि अवधान या तिन्हींची तपासणी अंतर्भूत असून, गरजेप्रमाणे मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडण्याची तजवीज आहे. या कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत वर्षातून एकदा येते. पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड गावांत ते दिवाळीपूर्वीच यावयास हवे, कारण त्यानंतर मुकादमाकडून उचल घेतलेले आईबाप मुलांसह कारखान्याच्या वाटेला लागलेले असतात.