'सेव्ह झालं' म्हणजे खरंच झालं का?

गिऱ्हाईक 'पैसे पाठवले' म्हणालं, तरी जमा झाल्याचं कळेपर्यंत तुम्ही माल सोडत नाही ना? मग बिलिंगचा बॅकअप घेताना घाई का?

कॉम्प्युटर डेटा बऱ्याचदा आधी मेमरीत ठेवतो, डिस्कवर मागाहून लिहितो. त्याने वेग येतो, पण 'कॉपी झाली' दिसल्यावरही काही लिखाण बाकी असू शकतं. तेवढ्यात पेन ड्राइव्ह ओढला, तर फाइल अर्धवट! तुमची उधारीची यादी त्यातच असते.

म्हणून आधी 'इजेक्ट' दाबा. कॉम्प्युटर बाकी लिखाण पूर्ण करतो, मगच ड्राइव्ह काढायला सांगतो.

सॉफ्टवेअर घेतानाही विचारा: 'बिल सेव्ह झाल्याक्षणी लाइट गेली, तर बिल राहील का?' चांगलं सॉफ्टवेअर डिस्कचा होकार आल्यावरच 'सेव्ह झालं' म्हणतं.