सातजणी आसरा, एकटी चेटकीण

जुन्या विहिरीच्या काठाशी, ओढ्याच्या डोहापाशी नाहीतर नदीच्या उतारावर एका रांगेत मांडलेले सात दगड आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असतात. मूर्ती नसते, नाकडोळे नसतात. शेंदराचा किंवा हळदकुंकवाचा थर, हिरव्या खणाचा तुकडा, चार काकणं, पानावर वाळून गेलेला दहीभात. देऊळ म्हणावं तर वर छप्पर नाही, आणि नुसते दगड म्हणावेत तर चप्पल घालून कुणी जवळ जात नाही. या साती आसरा, पाण्यातल्या सात बहिणी.

मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी अशी त्यांची नावं सांगितली जातात. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर असे पाण्यातले जीव त्यांत सरळ दिसतात. गावातल्या बाईला ही नावं ठाऊक नसली तरी तिचं काही अडत नाही, ती सातींची ओटी एकदमच भरते. दामोदर धर्मानंद कोसंबी मावळातल्या वाड्यावस्त्या पायी हिंडले होते. १९६२ साली आलेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त त्यांनी तिथल्या पाण्याच्या देवींबद्दल लिहिलं आहे. या देवी नेहमी घोळक्यानं असतात, एकटीदुकटी नसते, हे त्यांनी हेरलं होतं. आसरांना नवरा नाही. भाऊ मात्र बऱ्याच ठिकाणी शेजारी बसलेला असतो, म्हसोबा.

मावळाच्या त्याच कडेला, राजमाचीच्या डोंगरात उल्हास नदी उगम पावते, कर्जतवरून खाली येते आणि बदलापूरला वळसा घालून कल्याणकडे जाते. बदलापूरच्या नळांना येणारं पाणी बॅरेजवर याच नदीतून उचललं जातं. शिरगाव, कात्रप, कुळगाव ही एकेकाळची गावं आता इमारतींनी एकमेकांना भिडली आहेत. तिथं वाढणाऱ्या मुलीला विहिरीवर जावं लागत नाही, आणि आसरांची गोष्टही बहुधा तिच्या कानावर पडत नाही. लोकलमध्ये मोबाइलवर ती चेटकिणींच्या गोष्टी वाचते, पण त्या न्यू इंग्लंडच्या असतात.

जेसिका स्पॉट्सवुड या अमेरिकन लेखिकेची काहिल बहिणींची त्रयी २०१२ ते २०१४ या काळात आली. केट, मॉरा आणि टेस या तीन बहिणी. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, पण कल्पनेनं बदललेला. सत्ता धर्माच्या नावानं राज्य करणाऱ्या पुरुषांची. आई वारलेली, तिघींच्याही अंगात जादू, आणि ती कुणाला कळली की सगळं संपलं. अशा कादंबऱ्या मुलींना का धरून ठेवतात, हे समजायला अवघड नाही. घरातल्या दोन बहिणींची खोली, त्यांची भांडणं, एकमेकींची झाकलेली गुपितं त्यात असतात. जादू ही त्या वयात अंगात अचानक उसळणाऱ्या ताकदीचं रूप होऊन येते. मोठी बहीण धाकटीला सांगते, कुणाला बोलू नकोस. हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्या घरात ऐकू येत नाही?

या कल्पनेच्या मागे खरा इतिहास आहे आणि तो कादंबरीपेक्षा क्रूर आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम इथं १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं गेलं. आरोप झालेल्यांत तीन सख्ख्या बहिणी होत्या, माहेरच्या टाऊन. थोरली रेबेका नर्स सत्तरी ओलांडलेली. पंचांनी आधी तिला निर्दोष ठरवलं, मग निर्णय फिरवला आणि १९ जुलैला तिला फासावर चढवलं. दुसरी मेरी ईस्टी. मे महिन्यात तिला सोडलं, दोनच दिवसांत पुन्हा धरलं आणि सप्टेंबरात फाशी दिलं. तिसरी सारा क्लॉइस तुरुंगातून जिवंत सुटली. तिथं बहीण असणं हेही संशयाचं कारण होई.

आपल्याकडे तसं का झालं नाही, असं विचारायची सोय नाही, कारण झालं आहे. सातपुड्यात ‘डाकीण’ आणि ठाणे-पालघरच्या पाड्यांवर ‘भुताळी’ ठरवलेल्या बाईला गावानं मारल्याच्या, हाकलल्याच्या घटना जुन्या नाहीत. मूल दगावतं, गुरं मरतात. मग भगत तांदळाचे दाणे टाकून बघतो आणि बोट एका बाईकडे जातं. ती पुष्कळदा विधवा असते किंवा म्हातारी, नाहीतर जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे अशी. मागे उभं राहायला तिला कुणी नसतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर काही दिवसांत निघाला, आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. करणी किंवा चेटूक केलं म्हणून एखाद्या व्यक्तीला छळणं, मारहाण करणं, नग्न करून धिंड काढणं त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

मला राहून राहून खटकतं ते हे. सातजणी एकत्र असल्या की आपण त्यांची ओटी भरतो. एकटी असली की तिला दगड मारतो. ताकद तीच मानलेली आहे: आजार देण्याची, मूल देण्याची, नेण्याची.

आसरांची भीतीही तपासून पाहायला हवी. भर दुपारी, तिन्हीसांजेला पाण्यावर एकटीनं जाऊ नये. बाळंतिणीनं, पोटुशीनं तर नाहीच. आसरा ओढून नेतात. यात शहाणपण आहे हे खरं. उल्हासचं पाणी किती झपाट्यानं चढतं ते २७ जुलै २०१९ला सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. पण सासुरवाशिणीनं विहीर जवळ केली आणि गावानं ‘आसरांनी नेली’ म्हटलं, की पुढची चौकशी मिटत असणार, असंही मला वाटतं. सात बहिणींच्या माथी सासरचं पाप घालणं सोपं होतं. त्यांची बाजू कुणी सांगितलीच नाही.

मराठी मुलांच्या ओळखीची चेटकीण कुठली, तर रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची. दिलीप प्रभावळकरांनी ती गाजवली, २०१८च्या नव्या प्रयोगात वैभव मांगल्यांनी. दोन पिढ्या तिला बघून खळखळून हसल्या, आणि नाटक आहेच तसं गोड. पण चिंचीही एकटी, आणि रंगमंचावर पुरुषानं उभी केलेली. सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःला जिच्यात पाहता येईल अशी चेटकीण मराठीत तिला सहज सापडत नाही.

ती लिहायला काळ आणि जागा दोन्ही तयार आहेत. १८५६ साली कल्याणहून बदलापूर, कर्जतच्या बाजूनं खोपोलीपर्यंत रेल्वे गेली. त्याच वर्षी बोरघाट फोडायला सुरुवात झाली आणि १८६३मध्ये घाट खुला झाला. ऐन भरात चाळीस हजारांहून जास्त माणसं त्या डोंगरावर राबत होती. पटकीनं ती भराभर मेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये हिंदुस्थानात पोचल्यावर थोड्याच दिवसांत आजारानं गेला, आणि कंत्राट त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं पुढे चालवलं. आता उल्हासच्या काठावरचं एक घर धरा, तीन बहिणी धरा. खालच्या पाड्यावर पटकी आली आहे, मरीआईचा गाडा गावाबाहेर ओढला जातो आहे, भगतानं तांदूळ टाकले आहेत. थोरलीला पाण्याची भाषा कळते आणि मधलीला ते सहन होत नाही. धाकटी रोज डोहावर जाऊन सात दगडांना नवी काकणं घालते, आणि गावातल्या कुणीतरी तिला तिथं एकटीला पाहिलं आहे.