साहेब बोलून गेले, त्यानंतरचा दिवस

सकाळी ६.३०

जानेवारी २०२५. कॉलेजांच्या गॅदरिंगचा मोसम. गॅदरिंग म्हटलं की प्रमुख पाहुणे आले, आणि प्रमुख पाहुणे म्हटलं की बहुतेक वेळा त्या भागातले लोकप्रतिनिधी. त्यामुळे या महिन्यात माझा फोन जरा लवकरच वाजायला लागतो. मी पुण्यात समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे, स्वतः समलिंगी आहे. ‘साहेब काहीतरी बोलले’ या वाक्याने सुरू होणारे फोन माझ्याकडे येतात.

आज व्हॉट्सअ‍ॅपच्या निरनिराळ्या ग्रुपांवर एकच क्लिप येऊन पडली होती. चाळीसेक सेकंदांची. शेजारच्या जिल्ह्यातले एक लोकप्रतिनिधी, मागे झेंडूच्या माळा आणि फ्लेक्स, आणि ‘असल्या’ मुलांबद्दल त्यांचं प्रबोधन. नाव, गाव, पक्ष लिहीत नाही. पक्षाने तसाही फारसा फरक पडत नाही. या विषयावर आपल्याकडे बऱ्यापैकी सर्वपक्षीय एकमत असतं.

आमच्या कार्यकर्त्या पोरांचा धोशा सुरू झाला होता. “दादा, सगळ्यांनी टाकलं, आपणच का गप्प?” मी नेहमीचं उत्तर दिलं: पूर्ण भाषण हातात येईपर्यंत संस्थेच्या नावाने एक ओळही जायची नाही. दोघं रुसले. रुसू देत.

सकाळी ८.००

पूर्ण भाषण एका स्थानिक यूट्यूब चॅनेलवर मिळालं. तासाभराचं प्रक्षेपण, त्यात सत्कार, हारतुरे, माइकची खरखर. चहा घेऊन, कानात हेडफोन घालून बसलो. हे काम मी कुणाला देत नाही. शब्दन् शब्द लिहून काढायचा, शेजारी मिनिट-सेकंद टाकायचे. ‘आपलं ते’, ‘म्हणजे कसं’ हेही गाळायचं नाही. (हशा), (टाळ्या), (शिट्ट्या) हेसुद्धा कंसात लिहायचं.

आणि बरं झालं ऐकलं. क्लिपमध्ये ‘ठोकून काढा’ असे शब्द आहेत आणि लगेच आमचा उल्लेख आहे. सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसवर तेच फिरत होतं. मूळ भाषणात ‘ठोकून काढा’ हे कॉलेजबाहेर गुटखा विकणाऱ्यांबद्दल आहे. मधली दोन वाक्यं कुणीतरी कापली. आमच्याबद्दल ते म्हणाले ते असं: हा आजार आहे, त्याला इलाज आहे, हे परदेशी खूळ आहे, आणि अशांना होस्टेलमध्ये ठेवू नका, बाकीची पोरं बिघडतील.

हे पुरेसं वाईट आहे. पण ते न बोललेलं वाक्य आपण त्यांच्या तोंडी घातलं, तर उद्याची बातमी ‘संस्थेने भाषणाचा विपर्यास केला’ एवढीच होते आणि होस्टेलचा मुद्दा त्याखाली गाडला जातो. आमच्या ग्रुपवर लिहिलं, की ठोकून काढाचा उल्लेख कुणी करायचा नाही, केला असेल तर काढा. यावर एकाने विचारलं, “दादा, तुम्ही त्यांच्या बाजूने आहात का?” हाही प्रश्न दर वेळी येतो.

व्हिडिओ उतरवून ठेवला. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू भरावी लागते. चॅनेलवाले दुपारपर्यंत व्हिडिओ काढून टाकतात हा अनुभव आहे, म्हणून हे आधी.

जाता जाता एक. ‘आजार’ या शब्दावर हशा नव्हता. ‘होस्टेल’वर होता, आणि त्यात पहिल्या रांगेतले प्राध्यापकही होते.

सकाळी १०.००

त्या जिल्ह्यात आमच्या ओळखीच्या एक अम्मा आहेत. तृतीयपंथीयांच्या डेऱ्याच्या प्रमुख, दोन-तीन तालुक्यांत त्यांचे चेले. त्यांना विचारल्याशिवाय पुण्यातून आवाज करायचा नाही, हे आमचं ठरलेलं.

“अम्मा, पाया पडतो. क्लिप बघितली?”

“बघितली रे. तू पुण्यात बसून पत्रक काढशील. शनिवारी बाजारात मंगतीला जायचंय कुणाला? माझ्या पोरींना.”

“मग काय करू?”

“आधी पोलिसात कागद दे. बाजारात कुणी अंगावर आलं तर दाखवायला काहीतरी पाहिजे. नंतर काय गाजवायचं ते गाजव.”

अम्मांच्या सांगण्याप्रमाणे दिवसाचा क्रमच बदलला. पत्रक खाली गेलं, पोलिसांचा अर्ज वर आला. मोठ्या शहरातल्या संस्थांनी निषेध करायचा आणि त्याचे दगड गावातल्या माणसांच्या खिडक्यांवर पडायचे, असं झालेलं मी पाहिलं आहे.

सकाळी ११.३०

वकीलबाईंचं ऑफिस शिवाजीनगर कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर. द्वेषमूलक भाषण म्हटलं की लोकांना वाटतं, एखादं कलम असेल, ते लावलं की झालं. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, म्हणजे जुनं १५३ अ, गटागटांत तेढ पसरवण्याबद्दल आहे. त्यात धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात, समाज अशी कारणं मोजली आहेत. लैंगिक कल त्यात नाही. ‘किंवा अन्य कोणत्याही कारणावरून’ असे शब्द आहेत, त्या फटीतून आत शिरायचं म्हटलं तर वर्षानुवर्षं भांडायची तयारी हवी. विधी आयोगाने मार्च २०१७ मध्ये आपल्या २६७व्या अहवालात लिंगभावाची ओळख आणि लैंगिक कल ही कारणं स्पष्ट शब्दांत घालून नवं कलम सुचवलं होतं. पुढे अख्खी दंडसंहिता नव्याने लिहिली गेली, पण ती कारणं काही आली नाहीत. वर १९६ खाली कोर्टाने दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते. ती मंजुरी कुणाविरुद्ध मागायची आहे हे लक्षात घेतलं, की पुढचं वाक्य लिहायची गरज उरत नाही.

तृतीयपंथीयांसाठी २०१९चा कायदा आहे. त्याच्या कलम १८ मध्ये शाब्दिक आणि मानसिक छळही येतो. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. पण वकीलबाई लगेच विचारतात, “फिर्यादी कोण? उभी कोण राहणार?” अम्मांच्या पोरींपैकी कुणी उभी राहील, असं पुण्यातल्या खुर्चीत बसून म्हणणं सोपं आहे.

निदान हे गॅदरिंग होतं, सभागृह नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत विद्यापीठ कायद्यातल्या दुरुस्तीवर चर्चा चालली होती. विद्यापीठांच्या कामकाजात एलजीबीटी समुदायाला स्थान देण्याचा मुद्दा त्यात होता आणि विरोधी बाकांवरच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी बोलता बोलता विषय थेट जनावरांपर्यंत नेला. राज्यभरातून निषेध झाला. कोर्टाची वाट मात्र बंदच होती, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४(२) प्रमाणे आमदार सभागृहात जे बोलतो त्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. गॅदरिंगच्या स्टेजला ते कवच नाही.

मग वकीलबाईंनी कपाटातून एक जुनी फाइल काढली. “साहेबांचं राहू दे बाजूला. होस्टेल कुणाचं आहे? कॉलेजचं ना?” विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. वर्ण, धर्म, जात यांच्याबरोबर लिंगभाव (तृतीयपंथी धरून) आणि लैंगिक कल यांवरून विद्यार्थ्याला त्रास देणं, वाळीत टाकणं हेही तेव्हापासून रॅगिंगमध्ये मोडतं. म्हणजे साहेबांचं ऐकून होस्टेलमधल्या पोरांनी कुणाचा बिछाना व्हरांड्यात फेकला, तर ते रॅगिंग, आणि कॉलेजला हात झटकता येत नाहीत. रॅगिंग या शब्दाला प्राचार्य जेवढे घाबरतात, तेवढे ते राज्यघटनेला घाबरत नाहीत.

दुपारी १.३०

डबा उघडला तो पत्रकाचा मसुदा समोर ठेवूनच.

आमचा एक नियम आहे: उत्तरात मूळ शिवी परत छापायची नाही. ‘आम्ही आजारी नाही’ असं शीर्षक दिलं, की वाचणाऱ्याच्या डोक्यात राहतो तो आजारच. त्यापेक्षा सरळ सांगायचं. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हेच स्पष्ट केलं. ‘इलाज’ करणाऱ्या डॉक्टरचं वागणं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. शेवटी समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणारा ६ सप्टेंबर २०१८चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. त्यातला एक भाग मी प्रत्येक सरकारी पत्राला जोडतो. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी आपल्या निकालपत्रात केंद्र सरकारला सांगितलं होतं, की या निकालाला व्यापक प्रसिद्धी द्या आणि सरकारी अधिकाऱ्यांना, विशेषतः पोलिसांना, संवेदनशीलतेचं प्रशिक्षण द्या. आपल्याला हे लागू आहे याचा बऱ्याच कचेऱ्यांना पत्ताच नसतो.

‘परदेशी खूळ’ या मुद्द्यावर आमच्यात दर वेळी वाद होतो. पोरांना खजुराहो घालायचं असतं. मी र. धों. कर्व्यांवर अडून बसतो. कर्वे १९२७ पासून मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते आणि मराठी माणसं त्यांना खासगी प्रश्न विचारत होती, त्यात समलिंगी संबंधांबद्दलचेही होते. अशा उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला. देवळाच्या भिंतीवरच्या मूर्तींपेक्षा मला हा प्रश्न विचारणारा वाचक जवळचा वाटतो. आज माझं मत चाललं, कारण टाइप मी करत होतो.

दुपारी ३.००

वृत्तवाहिनीचा फोन. “सर, संध्याकाळी सातला डिबेट. समोर एक महाराज आहेत.” नाही म्हटलं. नुसता बाइट देतो म्हटलं, तर त्यांना तो नको होता. भांडण हवं होतं. माझ्या जागी दुसरा कुणी सापडेल, हे मला माहीत आहे.

वाहिन्यांना अगदीच वचक नाही असंही नाही. २०११ मध्ये टीव्ही ९ ने हैदराबादमधल्या समलिंगी पुरुषांच्या खासगी आयुष्यावर छुपा कॅमेरा लावून कार्यक्रम केला, तेव्हा वाहिन्यांच्याच नियामक संस्थेने एक लाख रुपये दंड केला आणि पडद्यावर माफी दाखवायला लावली. त्या तक्रारीला मुदत असते, आधी वाहिनीला कळवावं लागतं. म्हणून सातची डिबेट रेकॉर्ड करायला एकीला बसवलं.

दुपारी ४.३०

पोलिसांकडे अर्ज. आवक-जावकच्या खिडकीवर पोच घ्यायची, शिक्का स्पष्ट आला नाही तर पुन्हा मारायला सांगायचा. तिथले मोठे अधिकारी बैठकीत होते. हवालदारांनी पहिलं पान वाचलं, माझ्याकडे पाहिलं, विचारलं, “तुम्ही वकील का?” नाही म्हटलं. “मग?” “यातलाच एक.” त्यांनी शिक्का मारला, तो या वेळी स्पष्ट उमटला. पोचेचा फोटो अम्मांना पाठवला. शनिवारच्या बाजारासाठी त्यांनी तो सगळ्या चेल्यांच्या फोनवर पाठवून दिला.

संध्याकाळी ६.००

क्लिप आलेल्या दिवशी आमची फोनलाइन संध्याकाळी तापते, कारण घरातली कर्ती माणसं तेव्हा परततात आणि क्लिप जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचते. (पुढचे तपशील बदलले आहेत.)

एक मुलगा, बारावीतला, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीआडून बोलत होता. आमची समुपदेशक त्याला ओळखते. मध्येच तो मोठ्याने “हां, नोट्स पाठव, फिजिक्सच्या” म्हणाला. म्हणजे कुणीतरी वर आलं. ती म्हणाली, “पाठवते, चॅप्टर सांग,” आणि थांबून राहिली. बऱ्याच वेळाने आवाज परत खाली आला. वडिलांनी क्लिप त्याच्यासमोर दोनदा लावली होती. आता रविवारी शहरातल्या कुणा डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं, जे ‘हे सगळं’ काढतात.

ती त्याच्याशी साहेबांबद्दल एक शब्द बोलली नाही. रविवारचं बोलली. तुझ्याबरोबर आणखी कोण येणार आहे? मोठी बहीण कुठे असते? डॉक्टरचं नाव कळलं तर मला पाठव. फार घाबरायला झालं, रात्र असली आणि मी फोन उचलला नाही, तर १४४१६ लाव. सरकारी टेलिमानस आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. मग खरोखरच फिजिक्सचं विचारलं. तो पाचेक मिनिटं प्रकाशविद्युत परिणामावर बोलला.

माझं दिवसभराचं पत्रक या पोरापर्यंत जाणार नाही. गेलं तर त्याच्या बहिणीच्या फोनवरून जाईल, नाहीतर त्याच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डवरून. म्हणून पत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात आता साहेब नाहीत. विद्यार्थ्यांसाठी चार ओळी आहेत: तुमचं होस्टेल तुमचंच आहे, कुणी बाहेर काढू शकत नाही, काढलं तर तक्रार इथे करा. साहेब तिसऱ्या परिच्छेदात गेले, आणि पत्रक तसंच बाहेर गेलं.

रात्री ८.४५

साहेबांच्या पीएंचा फोन. हा येतोच, फक्त वेळ पुढेमागे. “साहेबांचा तसा हेतू नव्हता. आणि तुमच्या पत्रकात ते ठोकून काढा नाही, हे साहेबांना आवडलं.” मग मूळ मुद्दा: पुढच्या आठवड्यात कार्यक्रम ठेवू, पाच तृतीयपंथीयांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू, फोटो काढू, विषय मिटवू.

शाल-श्रीफळाचं मी समजू शकतो; आपल्याकडे लग्नापासून निवृत्तीपर्यंत त्यानेच सगळं निभावतं. त्यांना म्हटलं, सत्कार नको. साहेबांनी प्राचार्यांना एक फोन करावा आणि २०१६च्या नियमाप्रमाणे होस्टेलची नोटीस लावायला सांगावी. पुढच्या भाषणात होस्टेलबद्दलचं वाक्य मागे घ्यावं, त्याच स्टेजवरून असेल तर उत्तम. पीए म्हणाले, नोटिशीचं बघतो, वाक्याचं अवघड आहे. नोटिशीचा मसुदा मराठीत लगेच पाठवला. एकाच पानाचा, खाली प्राचार्यांच्या सहीची जागा मोकळी ठेवून.

रात्री १०.१५

उद्या अकराला प्राचार्यांनी वेळ दिली आहे. स्वारगेटहून सकाळची एसटी. अम्मांना फोन केला, तुम्ही येता का बरोबर? आधी नाही म्हणाल्या. असल्या लोकांसमोर खुर्चीत बसवून ठेवतात नि चहा विचारत नाहीत. मग थोड्या वेळाने त्यांचाच परत फोन: येते, पण रिक्षाभाडं संस्थेचं, आणि बोलणार मी, तू नुसता कागद द्यायचा.