चेन्नईचा उन्हाळा आणि मोटारीतील गारवा

मे महिन्यात अग्निनक्षत्राचा, म्हणजे कडक उन्हाचा, काळ येऊन पारा ४० अंशांपलीकडे गेला, आणि समुद्रावरील दमट हवेने जीव कासावीस झाला, की मोटारीतील एसी कोमट वारा देऊ लागल्याची तक्रार घेऊन गॅरेजात गेलेला चेन्नईकर बहुधा प्रथम ‘गॅस भरा’ असेच फर्मावतो. ही घाई मला सर्वथा अनिष्ट वाटते. कारण हा वायू पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही, बंदिस्त नळ्यांतून तोच फिरत राहतो, आणि तो बराच घटला असेल तर गळतीचा शोध हेच आद्य कर्तव्य ठरते. किनाऱ्यालगतच्या तिरुवान्मियूर, बेझंट नगर अशा वस्त्यांत खाऱ्या हवेने कंडेन्सरचे ॲल्युमिनियम झिजते, तेव्हा तपासणी तेथूनच सुरू करावी. वेगात गारवा लाभतो, पण सिग्नलपाशी गाडी थांबताच तो नाहीसा होतो, अशी अवस्था असेल तर कंडेन्सरचा पंखा तपासावा. वाराच क्षीण असेल तर केबिन फिल्टर. गळती न बुजवता पुनःपुन्हा भरलेला आर-१३४ए हा शीतक वायू हवेत निसटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापकारक शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे.